स्पीकरवरचा न्याय

आमच्या घरात न्यायाचं खातं माझ्याकडे आहे. महाडच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे ते आपोआपच आलं (दुसऱ्या कुणी मागितलंही नाही!).

माझी बहीण सुरेखा मुंबईत राहते. तिच्या मुलीसाठी, ओवीसाठी, महापालिकेच्या एका नावाजलेल्या शाळेत अर्ज केला होता. जागा मूठभर, अर्ज ढीगभर, म्हणून सोडत. नंबर लागला नाही तर ओवीला आईबापांना सोडून गावी उमरठला आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे, राहावं लागणार होतं. महापालिकेची दुसरी शाळा जवळपास नव्हती आणि खासगी शाळा त्यांना झेपणारी नव्हती.

सोडतीच्या दिवशी आईने मला उमरठच्या देवळात उभं केलं. गुरवाने कौल लावला. फूल डावीकडे पडलं, म्हणजे देवाचा नकार.

"परत लाव रे," आई म्हणाली.

परत डावीकडे!

"नीट इचार. पोर आयशीजवळ राहूदे, असं सांग त्याला."

तिसऱ्यांदा फूल उजवीकडे पडलं. आईने समाधानाने हात जोडले.

"आई, मुंबईत असं चालत नाही," मी म्हणालो. "चिठ्ठी एकदाच काढतात. तिथे ओळख नाही, वशिला नाही. याला न्याय म्हणतात."

तेवढ्यात शाळेच्या सभागृहातून सुरेखाचा फोन आला. गोंगाटात तिला माझं ऐकू येईना, तेव्हा स्पीकर लाव असं मीच सुचवलं. नावं वाचून संपली होती. ओवीचं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत मात्र ती पहिली होती.

"परत काढायला सांग!" मी ओरडलो. "तिथला शिपाई आपल्या पोलादपूरचा हाय ना? त्याला धर. मामा मास्तर हाय म्हणून सांग!" (घाबरलो की माझं पुस्तकी मराठी पळून जातं.)

पलीकडे अख्ख्या सभागृहाने ते स्पीकरवर ऐकलं. मग एका बाईंचा आवाज आला. "मी मुख्याध्यापिका बोलतेय. मास्तर, आपण काय शिकवता?"

"गणित," मी म्हणालो.

"मग हिशेब सोपा आहे. एक जागा रिकामी झाली की ओवी आत. कुणाला धरायची गरज नाही."

फोन बंद झाल्यावर आई शांतपणे म्हणाली, "एकदाच काढत्यात ना रे?"

पुढच्याच आठवड्यात एका मुलाच्या वडिलांची बदली झाली, जागा रिकामी झाली आणि ओवीला रीतसर प्रवेश मिळाला. पोर आईजवळ राहिली, याचा मला इतका आनंद झाला की वर्गात सगळ्यांना पेढे वाटले.

वाडीत मात्र बातमी पोचली ती अशी: मास्तरने फोन केला आणि भाची आत गेली. आता लोक पोरांच्या प्रवेशासाठी माझ्याकडे येतात. मी त्यांना सोडत, समान संधी, सगळं तपशिलात समजावतो. ते मन लावून ऐकतात, माना डोलावतात आणि उठताना म्हणतात, "समदं पटलं, मास्तर. मंग फोन कधी करताय?"