इन्शिराहचा जिना

इन्शिराह घरमालकावर करणी करते, अशी आमच्या गल्लीत कुजबुज होती. म्हणे, दुपारी सगळे आडवे झाले की ती जिन्याखाली बसून भिंतीला काहीतरी पांढरं फासते, आणि तिकडे हाजी रशवानचा गुडघा सुजतो. गुडघ्याची भर माझी नाही, ती न्हाव्याने घातलेली.

अलेक्झांड्रियात इन्शिराहला ओळखत नाही असा भाजीवाला नसेल. ट्रामवाल्याची विधवा, दंड जाडजूड, जीभ त्याहून. लग्न होऊन तिसऱ्या मजल्यावर आली ती तिथलीच झाली. भाडं जुन्या कायद्याचं, किलोभर टोमॅटोपेक्षा कमी. हाजीला इमारत पाडून टॉवर बांधायचा होता, हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे तो ‘इमारत धोक्याची’ म्हणाला की आम्ही हसायचो.

"इन्शिराहबाई, भिंत हलतेय. लेकीकडे जा."

"भिंत नाही हाजी, तुझी नियत हलतेय. जावयाच्या दोन खोल्यांत मी झोपू कुठे, त्याच्या छातीवर?"

"मेलीस तर लोक मला धरतील."

"मग तू निस्तर. मी तेव्हा असेन कुठे?"

गंमत बाजूला ठेवा. एकदा घर रिकामं केलं की भाडेपट्टा संपला, आणि नव्या भाड्यात तिला कोंबड्यांचा खुराडाही मिळाला नसता.

हाजीने तक्रार केली. पालिकेचा इंजिनिअर आला, जिन्यातल्या भेगेवर जिप्समच्या आडव्या पट्ट्या मारल्या, त्यांवर पेन्सिलीने तारीख घातली. "पट्टी तडकली तर भेग वाढतेय, सगळे बाहेर. शाबूत राहिली तर खुशाल राहा."

हिवाळ्याच्या तोंडावर तो परत आला. पट्ट्या अंड्यासारख्या गुळगुळीत.

"हाजी, भिंत तुमच्यापेक्षा धडधाकट आहे," तो म्हणाला. कॉफीखान्यात आम्ही इतके हसलो की चहा सांडला. हाजी काबाची शपथ घेऊन सांगत होता, तळमजल्यावरच्या दुकानाचं शटर चौकट वाकून आता खाली येत नाही. कोण ऐकतो?

इन्शिराहने जिनाभर दूधभात वाटला. तिच्या खालचे मलाककाका, घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांनी तांता शहरी भावाकडे जायला बोचकी बांधली होती. वाडगा चाटता चाटता ती सोडली. "पट्ट्या शाबूत आहेत, तर मी कशाला हलू, बाई?" इन्शिराहने त्यांना आणखी एक पळी वाढली.

वादळी पाऊस होऊन गेला. ऊन पडलं, आणि त्या सकाळी जिन्याची बाजू खाली आली. इन्शिराह नाश्त्याला फूल म्हणतात ती बाकल्याची उसळ आणायला गेली होती. वाफाळतं भांडं हातात धरून गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. मलाककाकांना संध्याकाळी काढलं, घोंगडीत.

हाजीला पोलिसांनी नेलं. त्यानेच इमारतीच्या पायात पाणी सोडलं, असं गल्लीने ठरवून टाकलं. बायका त्याच्या दुकानावर थुंकल्या.

सरकारी वकिलाने हाजीविरुद्ध साक्षीला इन्शिराहलाच बोलावलं. तिथे तिने सांगितलं, आणि हाजी सुटला.

करणी नव्हती. पट्टी तडकली की इन्शिराह ती खरवडून काढायची, ताज्या जिप्समची नवी लावायची, आणि वर इंजिनिअरचीच तारीख लिहायची.