रोजालीनची डुकरीण आणि आमचा घाबरट दवाखाना

जनावरांच्या दवाखान्यात किस्से भराभर साठतात, त्याचं कारण सोपं आहे. पेशंट बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने सगळा वाडा बोलतो! गोव्यात डिचोलीला गुरांचा डॉक्टर म्हणून माझी नोकरी झाली, त्यातला एकच पावसाळा सांगतो. मित्र हे किस्से ऐकून पोट धरून हसतात. तेव्हा आम्ही हसत नव्हतो. आमची पाचावर धारण बसली होती.

गोवा राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. त्या पावसाळ्यात आमच्या भागात मेंदूज्वराची भीती शिरली. शेजारच्या गावातल्या एका मुलीला ताप आला, झटके आले, तिला पणजीला नेलं आणि ती परत आली नाही. शेतातल्या पाण्यावर वाढणारे डास, डासांच्या पोटात विषाणू, आणि त्या विषाणूला मनसोक्त वाढायला जागा म्हणजे डुक्कर. डुक्कर म्हटलं की प्रकरण आमच्या टेबलावर!

आमचा अटेंडंट शिवा बेळगावकडचा. उधळलेल्या रेड्याला एकटा आवरणारा गडी. पण डासाला भ्यायचा. अंगाला कडुनिंबाचं तेल चोपडून तो ड्युटीवर यायचा. एक दिवस त्याने दवाखान्यातच शेण्या आणि ओला पाला पेटवला. धूर असा, की दावणीची म्हैस खोकायला लागली आणि मालक बाहेर पळाला.

मी डोळे चोळत ओरडलो, "शिवा, डास गेले का रे?"

धुरातून आवाज आला, "न्हाई सायेब, हैत तितंच. पन आता दिसंनात!"

*

रोजालीन माय दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहायची. लेक आणि जावई आखातात, घरात ही आणि सहा वर्षांची नात, लीना. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच डुकरांचं खोपटं. लीना तिन्हीसांजेला तिथेच पायरीवर बसून डुकरिणीशी गप्पा मारायची. नेमक्या त्याच वेळी डास उठतात!

डुकरांचं रक्त तपासायचं ठरलं, तेव्हा पहिली सिरिंज मी तिच्याच घरी नेली. माय दारात आडवी.

"दोतोर, तिका कितें जालां?"

"कांयच ना," मी म्हणालो.

"मगीर रगत कित्याक?"

"कांय जांवक ना म्हणूनच!"

माझं काही चुकलं नव्हतं. या विषाणूने डुक्कर सहसा आजारी पडत नाही. खातं, पितं, लोळतं, आणि रक्तात विषाणू घेऊन डासांना पुरवतं. भीती वाटायची ती ठणठणीत डुकराची, आणि अजून विषाणू न लागलेल्या कोवळ्या पिल्लाची तर जास्तच. पण हे मायला कसं पटावं? ती मागे वळून, डोक्याला बोट लावत लीनाला म्हणाली, "दोतोराचीच तकली बिगडल्या गो!"

रक्त मात्र तिने घेऊ दिलं. मी मच्छरदाणीचं बजावून सांगितलं. लीनाने डुकरिणीचा कान धरून ठेवला होता.

*

सुर्ल्याला एका शेतकऱ्याचा बैल ऐन कामात बसला. अंग तापलेलं, तोंडाला लाळ, पाय लाकडासारखे. हा तिवा. हाही विषाणूच, आणि हाही चावणाऱ्या किड्यांच्या पंखांवरून फिरणारा. पण बिचारा शब्दाचा पक्का, बहुतेक जनावरं तीन दिवसांत उठतात. मी तसं ठासून सांगितलं. तरी तो गृहस्थ बैलापाशी गोठ्यातच बसून राहिला. घरी जायला तयारच नाही.

तिसऱ्या दिवशी गेलो तर बैल उभा राहून चारा खात होता. आणि त्याच्या जागी, त्याच गवतावर, मालक घोंगडी पांघरून कुडकुडत पडलेला!

त्याची बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दोतोर, बैल उठलो. आतां घोव पडला. ताचेय तीनच दीस न्हय?"

बाकीचे हसले. मला घाम फुटला. बैलाचा तिवा माणसाला होत नाही हे मला पाठ होतं, पण त्या दिवसांत पाठ असलेल्या गोष्टींवरही विश्वास बसत नव्हता. मी त्याला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. साधा मलेरिया निघाला. साधा मलेरिया ऐकून आनंद झालेला मीच पहिला असेन!

*

मग गावात पत्रकं वाटायची टूम निघाली. मराठी-कोकणी वाद तेव्हा विझला नव्हता. पंचायतीत सभा भरली आणि पहिल्याच ओळीवर गाडी अडली. एक गट म्हणे 'डास' लिहा, दुसरा म्हणे 'जळार' लिहा. आवाज चढले. जुने हिशेब निघाले. अंधार पडू लागला, आणि भांडता भांडता दोन्ही गट आपापल्या पोटऱ्यांवर चापट्या मारू लागले.

शेवटी आमचा कंपाउंडर बाबल उभा राहिला. जत्रेच्या नाटकात राजाचं काम करणारा माणूस, आवाज खणखणीत.

"नांव मागीर ठरवूंया! पयली खिडकी धांपा!"

खिडकी लागली. पत्रकावर शेवटी दोन्ही शब्द छापले.

*

याच बाबलने पुण्याहून आलेल्या साहेबांची शिकवणी घेतली. साहेब विषाणूंचे जाणकार, रक्ताचे नमुने न्यायला आले होते. चहा पिताना सांगत होते, की विषाणू स्वतःच्या नकला काढत सुटतो, घाईत चुका करतो. बहुतेक चुका वाया जातात. एखादी चूक त्याला उपयोगी पडते, मग तीच पुढे चालते. असाच तो बदलतो, असाच नव्या जनावरात शिरतो.

"म्हणजे आमच्या नाटकासारखं!" बाबल म्हणाला. "एका वर्षी मी भाषण विसरलो आणि भलतंच बोललो. टाळी पडली. पुढच्या वर्षी तेच नाटकात राहिलं. बाकी इतक्या चुका केल्या, त्या कोणाच्या लक्षात आहेत?"

आम्ही खो खो हसलो. साहेब हसले नाहीत.

"अगदी बरोबर बोललात," ते म्हणाले. "फक्त याची टाळी कुठल्या घरात पडेल, ते आधी कळत नाही."

माझा चहा तसाच राहिला. माझ्या डोळ्यांपुढे लीनाची ती पायरी आली.

*

पुढे रोजालीनची डुकरीण दिवस भरायच्या आतच व्यायली. सगळी पिल्लं मेलेली. गाभण डुकरिणीत या विषाणूची हीच मोठी खूण. माय धावत आली ती पिल्लांसाठी रडत नव्हती.

"दोतोर, आतां म्हज्या चेडवाक कितें जातलें?"

लीना बरी होती. मी तिचं कपाळ तीनदा चाचपलं. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्टही आला: डुकरिणीला या विषाणूची लागण होऊन गेली होती. मी मायला शेजारी बसवलं आणि सांगितलं, की एकदा होऊन गेलं ते झालं, या डुकरिणीला तो परत धरत नाही. तिच्या रक्तातून डासाला आता काही मिळायचं नाही. अख्ख्या वाड्यात भिऊ नये असं डुक्कर हे एकच.

"म्हणजे ती तापांतल्यान उठली?"

"उठली. आता तिला भियेवं नाका."

मायने छातीवर क्रूस काढला. मलाही हलकं वाटलं. इतक्या दिवसांत कुणाला तरी धीर देता आला होता.

काही दिवसांनी तिन्हीसांजेला तिच्या घरावरून जात होतो. मायने हाक मारली. चेहरा असा खुललेला, की मीही हसत आत गेलो. खोपट्यात डुकरीण नव्हती. चार गुबगुबीत, गुलाबी पिल्लं एकमेकांना ढुशा देत होती, आणि पाचवं लीनाच्या मांडीवर.

"माये, डुकरीण खंय?"

"विकली! तुमीच सांगलें न्हय, ती तापांतल्यान उठल्या म्हणून? तसली दुयेंत, तापांतली डुकरीण चेडवालागीं कित्याक दवरूं?" तिने एक पिल्लू उचलून माझ्यापुढे धरलं. "हीं पळय, म्हापशाच्या बाजारांतलीं, सगळीं नवीं. हांकां अजून तापच येवंक ना!"