दसऱ्यानंतरचे हिरवे चौकोन

आमच्या घाटकोपरच्या घरात दसऱ्याला यंत्रांची पूजा सासूबाई करतात आणि त्यात कोणी लुडबुड केलेली त्यांना खपत नाही. यंदा मिक्सरच्याही आधी मान मिळाला माझ्या कॉम्प्युटरला. जाळीची बाजू वर करून सीपीयू पाटावर आडवा ठेवला. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं, सगळं यथासांग. मला नवलच वाटलं. नोकरी सोडून मी घरून स्वयंपाकघरांची डिझाइनं करायला लागले, तेव्हापासून त्या विषयावर त्या माझ्याशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. बहिणीला फोनवर मात्र सांगायच्या, चांगली नोकरी सोडली आणि आता दिवसभर टीव्हीसमोर बसते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला माझ्या पहिल्याच गिऱ्हाइकाला, बोरिवलीच्या एका बाईंना, त्यांच्या नव्या स्वयंपाकघराचा व्हिडिओ पाठवायचा होता. आवडला तर काम माझं, नाहीतर दुसरीकडे जाणार. सकाळी बसले आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर हिरवे चौकोन उमटले. चित्रातल्या ओट्यावर, भिंतींवर, सगळीकडे. मग स्क्रीन काळी. नवरा मागून डोकावला आणि म्हणाला, वाट लागली, ग्राफिक्स कार्ड गेलं, आता नवीनच घ्यावं लागेल. बिघडलेली प्रत्येक वस्तू त्याला नवीन घ्यावीशी वाटते, बायको तेवढी सुटली आहे.

मी चिडले, आणि चिडले की माझं डोकं चालतं. पुन्हा चौकोन आले तेव्हा लगेच स्क्रीनशॉट काढून फोनवर पाहिला. त्यातही चौकोन होतेच, म्हणजे केबल आणि मॉनिटर निर्दोष. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढून नव्याने टाकला, काही फरक नाही. मग लक्षात आलं, सुरुवातीला चित्र स्वच्छ असतं, चित्र तयार करणाऱ्या त्या ग्राफिक्स कार्डावर कामाचा भार पडला की बिघडतं. म्हणजे ते तापत होतं. सीपीयूचं झाकण उघडून चालू केला आणि वाकून पाहिलं. कार्डाच्या दोन पंख्यांपैकी एक गरगर फिरत होता, दुसरा जागच्या जागी थरथरत होता.

बंद करून टॉर्च मारला. पातं आणि चौकट यांच्या फटीत कुंकवात वाळून घट्ट बसलेला तांदळाचा दाणा. अक्षता. खाली तर चांगल्या मूठभर पडल्या होत्या. भुवयांच्या चिमट्याने तो दाणा काढला, बाकीच्या ब्रशने गोळा केल्या आणि पुन्हा बटण दाबलं. दोन्ही पंखे फिरले. सगळा भार टाकला तरी ओटा पांढराशुभ्र. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले आणि नवऱ्याला मुद्दाम हाक मारून दाखवलं.

व्हिडिओ वेळेत गेला. रात्रीच्या जेवणाआधी बाईंचा फोन आला, काम मला मिळालं होतं.

अक्षता तळहातावर घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत होत्या. सगळा प्रकार सांगितला आणि म्हटलं, "आई, पूजेला चिमूटभर पुरतात ना? या मूठभर कशाला टाकल्या?"

मला वाटलं, आता खेकसतील. त्यांनी मान वर केली नाही.

"चिमूटभरानं धंदा कसा चालायचा गं तुझा?"

माझे डोळे भरून आले. पुढच्या दसऱ्याला मी स्वतः त्यांच्या हातात मूठभर अक्षता देणार आहे. फक्त त्याआधी सीपीयूवर टॉवेल घालीन.