क्वेसीचा जामा

बस ग्राउंडच्या गेटवर लागली होती, पण आमची अंडर-ट्वेल्व्हची पोरं काही उतरेनात. आत गाणं चालू होतं आणि इकडे माझ्या वॉर्म-अपची वेळ चालली होती. गेटपाशी आमच्या अकॅडमीचे मालक घड्याळ बघत उभे. हेड कोच कोण, मी की क्वेसी, हे ते त्या मॅचनंतर ठरवणार होते.

क्वेसी म्हणजे माझ्यासोबतचा दुसरा कोच, घानाचा. रिकामी बाटली बडवत तो एक ओळ उचलायचा, पोरं पुढची ओरडायची. याला त्यांच्याकडे जामा म्हणतात. तिकडे शाळेच्या टीमपासून नॅशनल टीमपर्यंत सगळे असेच गात मॅचला येतात म्हणे.

मी कोल्हापूरचा, नोकरीसाठी इथं आखातात आलेला. फुटबॉलचा नाद आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. पण आमच्यात दंगा गॅलरीत, प्लेयर तोंड मिटून उतरतो. एकदा क्वेसीनं विचारलं, वर्ल्डकपला सपोर्ट कुणाला? म्हटलं, ब्राझील, आमची अख्खी पेठ ब्राझीलची. तर म्हणतो, नाही, तुमचा स्वतःचा देश? काय सांगणार, कपाळ? महाराष्ट्राहून लहान देश यांचा, आणि वर्ल्डकप खेळतो. तेव्हापासून तो दिसला की माझ्या पोटात दुखायचं. त्यात आमची गोलकीपर माझीच मुलगी, ईरा. घरी गणपतीत आरतीला तोंड उघडत नाही, आणि इथं त्याच्या भाषेत बेंबीच्या देठापासून गात होती.

मी बसमध्ये चढलो. "खलास. सगळे खाली."

"कोच, जामा अर्धा तोडू नका," क्वेसी त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला.

"गाण्याचे गोल मिळत नाहीत," मी म्हटलं.

त्यानं बाटली खाली ठेवली. पोरं गुमान उतरली, वॉर्म-अप माझ्या प्लॅनप्रमाणे झाला आणि मी घोटून घेतलेल्या कॉर्नरवर गोल पडून आम्ही जिंकलो. मालक म्हणाले, टीमला डिसिप्लिन पाहिजे, हेड कोच तुम्हीच. क्वेसीनं हात मिळवला आणि काही दिवसांनी अबुधाबीच्या एका अकॅडमीत गेला. जिंकलो त्याच संध्याकाळी मी करामा भागातल्या मराठी हॉटेलात सगळ्यांना मिसळ खिलवली होती. ईरानं नुसता पाव कुरतडून ठेवला.

पुढची मॅच अल नहदा भागातल्या ग्राउंडवर होती. बस गेटवर लागली, मी उतरून ट्रेनिंगचे कोन मांडले. मागं कुणीच नाही. चिडून परत बसपाशी गेलो, तर आतून तेच गाणं. ईरा मधल्या सीटवर उभी, हातात फोन, स्पीकर चालू. अबुधाबीहून क्वेसी ओळ उचलत होता आणि माझी टीम बाटल्या बडवत त्याला साथ देत होती.

"बाबा, टू मिनिट्स," ती म्हणाली. "वी आर नॉट डन."

मी दारातच थांबलो. जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू? पण या वेळी तोडलं नाही. तोडलं असतं तर ती पुन्हा त्या मिसळीच्या संध्याकाळसारखी तोंड पाडून बसली असती, ते मला माहीत होतं.

हेड कोच मी आहे. मॅचच्या दिवशी बस मात्र आता जरा लवकर बोलावतो.