ऑनर्सचा पहिला तास

काल अकोले तालुक्यातल्या आमच्या गावाहून आलेला नवा तांदूळ शिजताना वास घरभर पसरला आणि मला नगरच्या कॉलेजातला ऑनर्सचा पहिला तास आठवला.

"जास्तीचा आभ्यास आसंल, दुसरं काय," म्हणत आईने मला धाडलं होतं. मी अर्थशास्त्राचं पुस्तक पाठ करूनच गेले.

बाईंनी पुस्तकं मिटायला सांगितली. मला म्हणाल्या, "तू धरणाजवळची ना? मग धरणाबद्दल तुला स्वतःला काय वाटतं?"

असं मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी पाठ केलेल्या पानांत उत्तर शोधू लागले. बाई थांबून राहिल्या. आज कळतं, त्या मला वेळ देत होत्या. तेव्हा ती शिक्षा वाटली.

दुसऱ्या दिवशी मी ऑनर्समधून नाव कमी करण्याचा अर्ज दिला.

"का गं?" बाईंनी हळूच विचारलं.

मी पेन त्यांच्यापुढे धरलं. मग त्यांनी सही केली.