चांदीचा पाय

माझी भक्ती खरी होती, की लपायला शोधलेला आडोसा होता, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी लातूरची, सासर नांदेडचं, हे तहसील कचेरीत कामाला. अंघोळ करताना डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. पण तो शब्द घरात काढायचा कसा? सासूबाईंना म्हटलं, "छातीत काहीतरी होतंय." त्यांनी खोकला समजून अडुळशाचा काढा सुरू केला. मग काढ्याचा मान राखायला मी खोटं खोटं खोकूही लागले! आता हसू येतं, तेव्हा मात्र भीतीने अर्धी झाले होते.

शेवटी माहूरच्या रेणुकेला नवस बोलले. आमच्याकडे जो अवयव दुखतो तो चांदीचा करून देवीला वाहतात. सोनाराने डोळे, हात, पाय पुढ्यात मांडले. "काय दुखून राहिलंय, वहिनी?" हे शेजारीच उभे होते. माझ्या तोंडून निघालं, "पाय." देवीशीच लबाडी करायची वेळ आली, याची लाज वाटली, तरी तो पाय मी पदरात बांधला.

गडावर रांगेत माझ्यामागे चाकूरकडची एक म्हातारी होती. तिने माझ्या हातातला चांदीचा पाय पाहिला, मग माझी पावलं पाहिली.

"पायऱ्या तर भराभरा चढलीस की गं. खरं काय हाय?"

कोण कुठली बाई, पण मला रडू फुटलं. तिच्या कानात सगळं सांगितलं.

"देवीला आई म्हणतीस, अन् आईपुढं थानाची लाज?" असं म्हणत तिने माझं मनगट धरलं आणि मला थेट ह्यांच्यापुढे उभं केलं. "हिच्या पायाला काय बी झालं न्हाई, साहेब. थानात गाठ हाय. दवाखान्यात न्या." धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ह्यांनी मान खाली घातली. पुन्हा वळून पाहिलं तर म्हातारी गर्दीत दिसेना.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ लहान असतानाच आलात. त्या काळी बहुधा सगळा स्तनच काढत. माझी गाठ तेवढी काढली आणि उरलासुरला रोग किरणांनी जाळायला काही दिवस आत रेडियमच्या सुया ठेवल्या. कातडी भाजल्यासारखी झाली. पण मी आईचं नाव घेत पडून राहिले, तपासणाऱ्या हाताला एकदाही अडवलं नाही. शरण जाणं मला तिथे थोडं कळलं. ती म्हातारी कोण होती, हा वाद मी घालत नाही. तिला आणि देवीला एकदमच हात जोडते.

मी घरी आले. एका दुपारी दार लोटून सासूबाईंनी माझा हात आपल्या चोळीत नेला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझंही तसलंच हाय का गं?"

गाठ बोटांना लागली. माझ्यापेक्षा मोठी होती.

मी दार उघडलं. बैठकीत कचेरीतली माणसं बसली होती. त्यांच्यादेखत मी ह्यांना म्हटलं, "टांगा बोलवा. आईंच्या थानात गाठ आहे."