किचन कुठपर्यंत आलं?

आम्ही घर घेतलं तेव्हा घर ऑकलंडमध्ये पेनरोजला होतं आणि जमीन हॅमिल्टनच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. न्यूझीलंडमध्ये यात कोणाला काही विचित्र वाटत नाही. इथली जुनी घरं लाकडाची असतात, ती उचलून ट्रकवर ठेवतात आणि दुसऱ्या गावी नेतात. पेनरोजच्या त्या मालकाला जागेवर गोदाम बांधायचं होतं. घर नेईल त्याचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आमचं घर रस्त्याच्या मानाने फार रुंद निघालं, म्हणून ते करवतीने मधोमध कापायचं ठरलं.

त्या वर्षी आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आम्ही तेव्हा हॅमिल्टनमध्येच, रोटोटुना भागात भाड्याच्या घरात राहायचो. बाबा पुण्याला टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घर कापणार हे ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पुन्हा जोडतात ना?"

"जोडतात."

"मग कापतात कशाला?"

"रस्त्यावर मावत नाही, बाबा."

"मग लहान घर घ्यायचं," असं म्हणून त्यांनी कप पुन्हा उचलला.

पण विषय संपला नव्हता. पुण्याच्या गुरुजींना फोन करून त्यांनी गृहप्रवेशाचा मुहूर्त काढून घेतला. अकरा वीस ते बारा दहा. मग त्यांच्या मनात शंका आली, की इथे माणसं घरात प्रवेश करणार की घर जमिनीत प्रवेश करणार? गुरुजींनी एक दिवसाची मुदत मागितली आणि दुसऱ्या दिवशी कळवलं, की जे हलतंय त्याचा प्रवेश धरावा. म्हणजे घराचा. बाबांचं समाधान झालं. माझं टेन्शन वाढलं, कारण आता दोन ट्रक मुहूर्तावर पोचवणं माझ्याकडे आलं.

ऑकलंडहून हायवेचा टप्पा मुहूर्ताच्या आदल्या दिवशीच पार पडला होता. सकाळी मी आणि बाबा हॅमिल्टनच्या बाहेरच्या एका यार्डात गेलो. आई आणि नवरा ओवाळणीचं ताट, कलश आणि दुधाचं कार्टन घेऊन थेट जमिनीवर गेले होते. यार्डात आमचं घर दोन ट्रकवर उभं होतं. कापलेल्या बाजूला प्लॅस्टिक ताणून ठोकलेलं होतं आणि त्यातून पॅसेजचा वॉलपेपर अंधुक दिसत होता. कुणाच्या तरी खासगी आयुष्यात डोकावल्यासारखं वाटलं. ते आयुष्य आता आमचं होतं, हे लक्षात यायला क्षणभर वेळ लागला.

ताफ्याच्या मागे इतर वाहनांना सावध करणारी जी पायलट गाडी असते, ती चालवायला सत्तरीच्या एक बाई होत्या. गमबूट, पिवळं जाकीट, तोंडात पेपरमिंट. त्यांनी इथल्या माओरी पद्धतीने आम्हाला "किया ओरा" म्हटलं आणि माझ्या हातात विटेएवढा जुना वॉकीटॉकी दिला. पुढच्या खोऱ्यात फोन चालत नाही, म्हणून सगळ्या गाड्या सीबी रेडिओवर एकाच चॅनेलवर बोलतात, असं त्यांनी सांगितलं.

"तुम्ही माझ्या मागे राहा. हा चालू ठेवा आणि ऐका. बोलू नका."

बाबांनी विचारलं, अजून लोक हे वापरतात का? बाई हसल्या. पूर्वी म्हणे ऑकलंडपासून इथवर येईपर्यंत कान किटायचे. कोणाची बायको बाळंत झाली, कुठे पोलीस उभे आहेत, कुठल्या हॉटेलचं जेवण बिघडलं आहे, सगळं कळायचं. आता पोरं फोन लावून गाणी ऐकतात. "काल हायवेला मी दोनदा गुड आफ्टरनून म्हटलं," त्या म्हणाल्या. "एकाने विचारलं, कोण मेलंय का?"

दहाच्या सुमारास आम्ही निघालो. सर्वांत पुढे एक पायलट गाडी, मग दिवाणखान्याचा अर्धा भाग, मग स्वयंपाकघराचा अर्धा भाग, मग बाईंची गाडी आणि शेवटी आमची कार. मी चालवत होते, रेडिओ बाबांच्या मांडीवर होता. सोयीसाठी ड्रायव्हरांनी एकमेकांना खोल्यांची नावं दिली होती.

"किचन, किचन, लाउंज बोलतोय. वळणावर झाडाची फांदी आहे, डावीकडे ठेव."

"किचनला दिसली फांदी."

"किचन, तू कुठपर्यंत आलास?"

"किचन गाईंच्या गोठ्यापाशी आहे. गाई बघतायत."

बाबा हे फार लक्ष देऊन ऐकत होते. त्यांचं मत असं पडलं, की एका वेळी एकालाच बोलता येतं तर याला संवाद म्हणता येणार नाही. त्यांच्या खात्यात अशी वस्तू कोणी मंजूरच केली नसती.

डोंगराचा रस्ता सुरू झाला आणि फोनवरच्या रेघा गेल्या. थोड्या वेळाने एका वळणावर आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार टीचभर उघडलं आणि पुढच्या वळणावर मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. बाबांना ते बघवेना. मी काही म्हणायच्या आत त्यांनी रेडिओ तोंडाशी नेला आणि बटण दाबलं.

"हॅलो. धिस इज फादर ऑफ द ओनर. किचन डोअर इज ओपन. काइंडली शट द किचन डोअर."

उत्तर आलं नाही. बाबांनी तेच वाक्य आणखी सावकाश म्हटलं. तरी उत्तर नाही.

"कोणी बोलतच नाहीत," ते म्हणाले.

"बाबा, आपल्याला फक्त ऐकायला सांगितलंय."

"एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी. मला बोलायला शिकवू नकोस."

त्यांचा अंगठा बटणावर तसाच दाबलेला होता. माझं लक्ष रस्त्यावर होतं, त्यांचं दारावर. बटण दाबलेलं असताना त्या चॅनेलवर दुसऱ्या कोणाचाही आवाज येऊ शकत नाही, हे आम्हा दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. पुढची आठ मिनिटं त्या खोऱ्यातल्या प्रत्येक ट्रकमध्ये फक्त आम्ही दोघं ऐकू येत होतो.

आम्ही भांडायला लागलो. सुरुवात टॉयलेटपासून झाली. नकाशाप्रमाणे टॉयलेट ईशान्येला येत होतं.

"बाबा, घर अजून रस्त्यावर आहे. या क्षणी ते कुठल्याच दिशेला नाही."

"चेष्टा करू नकोस. मला आधी विचारलं असतंस तर?"

"तुम्ही पुण्याला होतात."

"फोन होता की पुण्याला."

मग ते पुन्हा पुढे बघायला लागले. किचनचं दार उघडलं, मिटलं.

"तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की त्या रोटोटुनात रस्त्यावर चिटपाखरू नसतं," ते म्हणाले. "काल पार्सल द्यायला आलेल्या माणसाला मी चहा विचारला. तो घाबरून गाडीत जाऊन बसला. तुझी आई रमते. मला नाही जमत. आणि आता तर तुम्ही आणखी लांब, डोंगरात चाललात. मला घरी जायचंय गं. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

मला वाईट वाटलंच, आणि वाईट वाटलं की मी तिरकं बोलते. "मग आलात कशाला?" मी म्हणाले.

तेवढ्यात पुढची बाईंची गाडी थांबली. तिच्या पुढे किचनही थांबलेलं होतं. बाई उतरल्या, गमबूट वाजवत आमच्याकडे आल्या आणि बाबांच्या खिडकीवर टकटक केलं. बाबांनी काच खाली केली. बाईंनी बाबांच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं.

बाबांनी बटण सोडलं. रेडिओतून आधी नुसती खरखर आली आणि मग एका पंजाबी माणसाचा शांत आवाज.

"अंकलजी, बटन छोड़ दिया? बहुत मेहरबानी. अब किचन को बोलने दीजिए."

आणि किचनचा ड्रायव्हर बोलला, "किचन बोलतोय. माझ्या नाकासमोर दुधाचा टँकर उभा आहे."

"मी तेच तर ओरडून सांगत होतो," लाउंज म्हणाला.

झालं असं होतं. तो पंजाबी ड्रायव्हर समोरून भरलेला टँकर आणि मागे जोडलेला ट्रेलर घेऊन डोंगर उतरत होता. आमच्या दोघांची बडबड सुरू होण्याआधी त्याने रेडिओवर तसं सांगितलं होतं. मागे वळणाआड असलेल्या आम्हाला ते ऐकू आलं नाही, पण पुढच्या दिवाणखान्याने ऐकलं आणि तो एका रुंद जागी बाजूला थांबला. मग लाउंजने किचनला सांगायला बटण दाबलं, की तूही पुलाआधीच्या रुंद जागेवर थांब. पण किचनला त्या वेळी वास्तुशास्त्र ऐकू येत होतं. ते पूल ओलांडून पुढे आलं. आता तिथे एकच गाडी जाईल एवढा रस्ता होता, ट्रेलरसकट मागे जाणं टँकरला शक्य नव्हतं, आणि आमचं स्वयंपाकघर तर मागे जाणारच नव्हतं. आमच्या घराच्या दोन अर्ध्या भागांच्या मध्ये दुधाने भरलेला टँकर अडकून उभा होता.

बाबा गाडीतून उतरले आणि बाईंसमोर उभे राहिले. शिक्षा ऐकायला आलेल्या माणसासारखे. "व्हेरी सॉरी, मॅडम," ते म्हणाले. "डोअर वॉज ओपन."

"दार मलाही दिसत होतं," बाई म्हणाल्या. "कडी मोडकी आहे, दोरीने बांधलंय." मग त्यांनी बाबांच्या हातातला रेडिओ घेतला, बटण दाबून दाखवलं, सोडून दाखवलं आणि परत त्यांच्याच हातात दिला. "आता दारावर नजर ठेवायची ड्यूटी तुमची. पाच मिनिटांनी एकदा कळवायचं. दाबा, बोला, सोडा."

शेजारच्या शेताचा मालक क्वाड बाइकवरून आला, दोन्ही टोकांना जाऊन आमचं घर बघून आला आणि म्हणाला, "छान आहे." मग त्याने टँकरला आत घ्यायला फाटक उघडलं. फाटक अरुंद पडत होतं, म्हणून कुंपणाचे दोन खांब उपटायला लागले. त्यात तासभर गेला. तेवढ्या वेळात टँकरचा ड्रायव्हर बाबांशी गप्पा मारत बसला. नवीन मुलं रेडिओ बसवतच नाहीत, कंपनीचा टॅबलेट आहे म्हणतात, असं तो सांगत होता. "टॅबलेट को पता ही नहीं कि सामने से किसी का किचन आ रहा है."

निघताना तो जरा घुटमळला.

"अंकलजी, मराठी मुझे थोड़ी-थोड़ी समझ में आती है. नासिक में दो साल था." मग म्हणाला, "टिकट वापसी का है ना?"

"मार्च का है," बाबा म्हणाले.

"फिर ठीक है. मेरे बाऊजी का वापसी का नहीं था. वो बहुत लड़ते थे."

टँकर शेतात वळला, किचन पुढे सरकलं. दिवाणखान्यापाशी पोचलो तर त्याची चाकं कडेच्या चिखलात रुतलेली. शेतकरी ट्रॅक्टर आणायला गेला आणि आम्ही दिवाणखाना मागे ठेवून पुढे निघालो. बाबा मान सरळ ठेवून दाराकडे बघत होते.

"किचन डोअर क्लोज्ड. ओव्हर," ते सांगायचे आणि अंगठा असा उचलायचे, जसा बटणाचा चटका बसत होता.

"चीअर्स, अंकल," किचन म्हणायचं. दुसऱ्या एका ट्रकवाल्यानेही म्हटलं. तो कुठे होता आणि कोण होता, कोणास ठाऊक. तिसऱ्या वेळी तर एकाने बाबांना टॉयलेटचं शेवटी काय ठरलं, ते विचारलं. भांडणातला तेवढा एकच शब्द त्याला कळला होता.

आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आई ताट घेऊन उभी होती आणि वाऱ्याने निरांजन सातव्यांदा विझलं होतं. बाबांनी लांबूनच सांगितलं, मुहूर्त टळला, माझ्यामुळे टळला. आईने सगळी हकीकत ऐकली. टँकर नेमका किती वाजता आडवा आला, ते विचारलं.

"अकरा चाळीस."

"मग टळला कुठे?" आई म्हणाली. "मुहूर्तावर घरात दूध आलं. कार्टनभर आणलं होतं मी, टँकरभर आलं." आणि तिने स्वयंपाकघराला, ट्रकला आणि हेल्मेट काढून अवघडून उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरला एकाच फेरीत ओवाळलं.

दिवाणखाना चार वाजता आला. दोन्ही भाग खांबांवर उतरवले, पण जोडायच्या आधी पाऊस लागला. दोन दिवस आमचं घर मध्ये हातभर फट ठेवून उभं होतं आणि फटीवर एक फळी टाकलेली होती. बाबा आणि मी रोज ते बघायला जायचो. दुसऱ्या दिवशी आम्ही दिवाणखान्याच्या कापलेल्या कडेवर पाय सोडून बसलो. त्या दिवशी आईही आली होती आणि समोर किचनमध्ये गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा करत होती.

"बाबा, आलात कशाला असं मी म्हणायला नको होतं."

"सगळ्यांनी ऐकलं ते," बाबा म्हणाले.

"त्यांना मराठी कुठे कळतं."

"एकाला कळलं." ते फटीतून खालच्या चिखलाकडे बघत राहिले. "घरी जायचंय हे मी तुलाच सांगणार होतो. दोन महिने घोळत होतं मनात, पण घरात सांगायला जमत नव्हतं."

"मार्चपर्यंत राहाल ना?"

"तिकीट मार्चचंच आहे." मग म्हणाले, "त्या बाई शनिवारी आणखी एक घर नेणार आहेत. येणार का म्हणून विचारत होत्या. मागे बसायचं आणि लक्ष ठेवायचं."

"मग?"

"जाईन म्हणतोय."

आईने चहा झाला म्हणून हाक मारली. बाबा उठले, भिंतीला धरून एक पाय फळीवर ठेवला आणि मला म्हणाले, "घट्ट धर गं, हलतेय."